ज्या पाण्यातलं त्या पाण्यात

"दोन्ही हाईत न्हवं?"

सकाळच्या घाईत मी डबे भरत होते आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत माशांच्या काचपेटीसमोर उभ्या होत्या. प्रश्न मला होता, पण माझ्या उत्तरावर त्यांचा भरवसा नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून, काचेला नाक टेकवून त्यांनी स्वतःच खात्री करून घेतली. अलीकडं नर, पलीकडं मादी, मधे काचेचा पडदा. मग निर्धास्त होऊन त्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, दर्शनाला निघाल्या.

"अरे, ह्या रोज मोजतात कशाला?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू रत्नागिरीची आहेस," भरतेश बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "आईला वाटतं, एखाद्या दिवशी तुला राहवणार नाही."

हसावं की रागवावं ते मला कळेना. मी भंडाऱ्यांची मुलगी. आमच्याकडं जेवणात मासळी नसली की शेजारी विचारायला यायचे, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. सांगलीच्या बँकेत नोकरी लागली, शेजारच्या टेबलावर भरतेश मगदूम बसायचा, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. मगदूम म्हणजे शिरोळ तालुक्यातले जैन. घरात अंडं तर सोडाच, कांदासुद्धा उंबरा ओलांडून आत येत नसे. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला एकच शब्द विचारला होता, "सोडशील?" मी म्हणाले, "सोडलं." त्यावर पुन्हा त्या कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. माझं दर्शना हे नाव तेवढं त्यांना पसंत पडलं होतं.

मासे आले ते लग्नाच्या वाढदिवसाला. सांगलीहून भरतेशनं फायटर जातीची जोडी आणली. निळाशार नर, शेपूट अशी की पैठणीच्या पदरानं लाजावं. मादी मात्र साधीसुधी, माझ्यासारखी. "ताटात नाही तर नाही, डोळ्यांपुढं तरी असू देत," असं भरतेश म्हणाला होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. शेजारच्या इंदुमतीकाकू मात्र मासे बघायला आल्या आणि सासूबाईंच्या कानाशी लागून, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाळल्यात का ठेवल्यात?"

त्या दिवसापासून मोजणी सुरू झाली होती.

पुढं आम्ही मधली काच काढली. नरानं पाण्यावर तोंडानं बुडबुड्यांचं घरटं बांधलं, मादीनं अंडी दिली, आणि नरानं ती एकेक करून तोंडात उचलून घरट्यात नेऊन चिकटवली. पडलं एखादं की पुन्हा उचलायचं. खाणंपिणं सोडून हेच काम. मी भरतेशला मुद्दाम बोलावून दाखवलं. "शीक काही," म्हटलं. त्यानं नराकडं असं पाहिलं, जणू त्यानं सगळ्या पुरुषजातीचा घात केला होता.

पिल्लं निघाली ती डोळ्यांत तेल घालून बघावी लागतील इतकी लहान. स्वल्पविरामाएवढी. मोठ्या दोघांना वेगळ्या भांड्यांत हलवलं आणि मी धावत इम्तियाजभाईंना गाठलं. सांगलीत त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं.

"मॅडम, सुकं खाद्य टाकू नका," ते म्हणाले. "ही पोरं हललेलंच खातात. समोर वळवळलं तर तोंड उघडणार, नाहीतर उपाशी मरतील पण ढुंकून बघणार नाहीत. चार दिवसांत सगळा कारभार आटोपेल."

मग त्यांनी कपाटातून एक छोटा डबा काढला. आत तपकिरीसारखी बारीक भुकटी. मिठागरांच्या पाण्यात एक इवलीशी कोळंबी असते, तिची ही अंडी. वर्षानुवर्षं कोरडी राहतात, काही होत नाही. मिठाच्या पाण्यात टाकली, हवा सोडली, उजेड दाखवला की एका दिवसात फुटतात आणि त्यांतून निघालेले जीव वळवळायला लागतात.

मला ती पिल्लं जगवायचीच होती. साधी गोष्ट होती. मासे खाणाऱ्या घरातली पोर आली आणि तिच्या हातून मासे मेले, असं इंदुमतीकाकूंनी म्हणता कामा नये. सासूबाईंनी तर नाहीच नाही.

घरी डबा बघून भरतेशच्या तोंडचं पाणी पळालं. "अंडी? आपल्या घरात? आणि निघणार काय, तर कोळंबी?"

"मग काय सांगायचं आईंना?"

त्यानं बराच विचार केला. आईला फसवायचा त्याला सराव नव्हता. "मटकी सांग," तो शेवटी म्हणाला. "भिजत घातली आहे म्हणावं. मोड येतात की नाही?"

मी प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या बूड कापून उलट्या टांगल्या. मागच्या दारच्या आडाचं पाणी भरलं, मुठीनं खडेमीठ टाकलं, पंपाची नळी सोडली. एक बाटली आज, दुसरी उद्या, म्हणजे रोज ताजा माल. सासूबाई पाणी भरताना बघत होत्या. मीठ मी स्वयंपाकघरातून नंतर नेऊन टाकलं, त्यामुळं ते त्यांना दिसलं नाही. ही एवढीशी गोष्ट पुढं फार महागात पडणार होती.

पहिली बाटली फुटली रविवारी. पंप बंद केला, बाटलीच्या तळाशी बॅटरीचा उजेड धरला, आणि सगळे जीव उजेडाकडं धावले. केशरी ठिपके. हजारो. टरफलं वर तरंगत राहिली. बारीक कापडातून गाळून, साध्या पाण्यानं धुऊन मी ते पिल्लांत सोडले. त्या स्वल्पविरामांना एकदम जीव आला! मान तिरकी करायची, नेम धरायचा आणि गट्टम. घटकाभरात एकेकाचं पोट केशरी दिसायला लागलं. मी टाळ्याच पिटल्या.

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"मोड आले व्हय?" त्यांनी विचारलं.

"आले की!" भरतेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"चांगले आलेत," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी बँकेतून आले तर दुसरी बाटली रिकामी. म्हणजे पाणी होतं, वर टरफलांचा थर होता, पण केशरी ठिपका नावाला नाही. तळाशी चुकूनमाकून राहिलेले पाच-सहा. तेच पिल्लांना दिले. मंगळवारी तीच गत, बुधवारी तीच. मी मीठ बदललं, पंप बदलला, वीज जाते म्हणून वीज मंडळाचा उद्धार केला. पिल्लांची पोटं पाठीला लागली. काही तळाशी पडून राहायला लागली.

इम्तियाजभाईंना फोन लावला. "टरफलं रिकामी आहेत का?" त्यांनी विचारलं.

"रिकामी."

"मग अंडी फुटली की मॅडम! निघालेली पोरं गेली कुठं? कुणीतरी खातंय."

हे भरतेशला सांगितलं तर तो माझ्याकडं टक लावून बघत म्हणाला, "घरात कोळंबी खाणारी तू एकटीच आहेस."

त्याला मारायला माझ्या हातात लाटणं होतं, पण तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "दर्शना, ही बारकी कमी झाल्यात का गं?"

मी बाहेर गेले. त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. आता मोठ्यांची मोजणी संपून पिल्लांची सुरू झाली होती. एवढ्या बारक्या जिवांची मोजणी त्या कशा करत होत्या ते त्यांनाच ठाऊक. "झाली असतील," मी म्हणाले. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. अगदी मासे मोजताना बघायच्या तसं.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारी घरी आले. पुढचं दार ओढलेलं होतं. चप्पल हातात घेऊन, चोरासारखी स्वतःच्याच घरात शिरले.

सासूबाई बाटलीपुढं बसल्या होत्या. नुकतीच आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. पंप बंद होता. हातातली बॅटरी बाटलीच्या तळाशी अशी धरली होती, जशी मी रविवारी धरली होती. सगळे जीव तळाशी गोळा झाल्यावर त्यांनी नळी सोडली आणि पाणी गाळण्यावर घेतलं. हे गाळणं म्हणजे त्यांचं रोजचं, दुहेरी घडीचं जाड कापड.

या घरात पाण्याचा थेंबसुद्धा गाळल्याशिवाय प्यायचा नाही, हे मी आल्यापासून बघत होते. पण खरं काम गाळून झाल्यावर असतं. कापडात जे जीव अडकले ते टाकायचे नाहीत. कापड उलटं करायचं, वरून गाळलेलंच पाणी ओतायचं आणि ते जीव ज्या पाण्यातले असतील त्याच पाण्यात परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. सासूबाईंची त्यासाठी वेगळी बादली होती, तिच्या बुडाला कडी. दोर त्या कडीला बांधायचा आणि वरच्या कड्याच्या आकड्यात नुसता अडकवायचा. बादली आडात अलगद उतरवायची, पाण्याला टेकली की आकडा सुटतो, मग दोर किंचित ओढायचा, ती आपोआप कलंडते. वरून ओतलं तर जीव आपटून मरतात, म्हणून एवढा खटाटोप.

त्यांनी केशरी जिवांची जिवाणी केली. ओठांत णमोकार मंत्र चालला होता. बादली घेऊन त्या मागच्या दारी गेल्या आणि दोर हळूहळू आडात सोडायला लागल्या. मी मागोमाग गेले.

"आई!"

त्या दचकल्या नाहीत. बादली कलंडून वर आल्यावरच वळल्या. "आलीस? बरं न्हाई व्हय?"

"हे काय करताय?"

"जीव हाईत ते. सोडले."

"रोज?"

"रोज. तू बँकेत गेलीस की."

"मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग भांडाण. न इचारता केलं तर नुसतं पुण्य." त्यांनी दोर गुंडाळला. "आणि मटकी पळती व्हय गं? बॅटरी दाखवली की? माझ्या भरतूला ल्हानपणापासनं खोटं बोलता येत न्हाई. कान लाल होत्यात त्याचे."

एरवी मी हसले असते. पण आत पिल्लं उपाशी होती, चार दिवस मी स्वतःलाच दोष देत होते, आणि कालचं ते त्यांचं बघणं मनात सलत होतं. माझा तोल गेला. "वाचवले म्हणताय ना? सगळे मेले ते! रोजचे सगळे. खाऱ्या पाण्यातले जीव आहेत ते, गोड्या पाण्यात काही तासांत मरतात!"

"खारं कुठलं? आडाचंच पाणी भरलंस की. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"त्यात मीठ घातलं होतं मी."

"किती?"

"मूठ-मूठ."

सासूबाई आडाच्या कट्ट्यावर बसल्या. "मीठ लवकर सपायलं हुतं खरं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "मला वाटलं, कोकणातल्यांना लागत असंल."

मग त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. हातातलं ओलं गाळणं तसंच होतं. "ज्या पाण्यातलं त्या पाण्यात," त्या म्हणाल्या. "एवढं एकच तर बघायचं असतंय. माझ्या आईनं शिकवलेलं. आणि मी इचारलं सुदिक न्हाई, कुठल्या पाण्यातले म्हणून. उचलले आणि टाकले. एवढे जीव माझ्या हातनं गेले गं."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. एवढी मानाची बाई, गावात सुगंधाक्का म्हटलं की चार बायका उठून जागा देतात, आणि ती न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी रडत होती. मी त्यांच्याजवळ बसले. "तुम्हाला कुठं ठाऊक होतं, आई," म्हणाले. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या बाटलीतले जीव मी पिल्लांना घातले, तेव्हा त्या खोलीत फिरकल्या नाहीत. मनाईही केली नाही. भरतेश आल्यावर त्याला सगळा वृत्तान्त कळला आणि तो अपराध्यासारखा कोपऱ्यात बसून राहिला, जणू मटकी त्यानंच पेरली होती. ते तसं खरंच होतं म्हणा.

दिवेलागणीला मी तुपाच्या वाती करत बसले होते. सासूबाई येऊन समोर बसल्या. एक वात हातात घेतली, पीळ सोडवला, पुन्हा घातला.

"दर्शना, रत्नागिरीचं पाणी खारं असतंय न्हवं?"

"समुद्राचं खारं, आई. विहिरीचं गोडंच असतं."

"ते न्हाई गं." त्यांनी वात ताटलीत ठेवली. "तुला बी आम्ही उचललं आणि हितं आणून सोडलं. सोडशील का इचारलं, तू सोडलं म्हणालीस. त्यावर मी काय इचारलं न्हाई कधी. चांगल्या पाण्यात टाकलंय, असंच वाटत हुतं मला." त्यांनी वर पाहिलं. "तू जगतीयास न्हवं हितं?"

मी हसून "म्हणजे काय, मजेत!" म्हणणार होते. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मला दुःख होतं असं नाही. भरतेश चांगला होता, घर चांगलं होतं. पण लग्नाला एवढा काळ लोटला तरी हे मला कुणी विचारलं नव्हतं. माहेरच्यांनीही नाही, त्यांना तर मी स्वतःच्या पायानं चालत गेले याचाच राग होता. मी रडत राहिले, आणि सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तुपाचा हात होता, ब्लाऊज कायमचा डागाळला.

"जा, माहेराला जाऊन ये," रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "काय खायाचं ते तिकडं खा. मी इचारणार न्हाई. तू सांगू नको."

"आणि पिल्लं?"

"भरतू हाय की."

भरतेशनं छातीवर हात ठेवून शपथ घेतली. बाटल्या, मीठ, बॅटरी, सगळं त्याला दोनदा दाखवून मी रत्नागिरीची एसटी धरली.

माहेरी काय झालं ते सांगत नाही. सांगायचं नाही असंच ठरलं होतं. आईनं पहिल्या दिवशी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पिशवी भरून आणली, एवढं सांगितलं तरी पुरे. पण तिथंही अधूनमधून मला ते स्वल्पविराम आठवायचे. घरी फोन केला तर सासूबाई उचलायच्या, "समदं बरं हाय" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. भरतेश फोनवर आला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

परत आले ती थेट काचपेटीकडं धावले. आणि तिथंच बसले. पिल्लं होती! पुष्कळ होती. स्वल्पविरामांची आता चांगली ठसठशीत अक्षरं झाली होती. शेपट्या फुटल्या होत्या. सगळ्यांची पोटं केशरी, टच्च.

"भरतेश!" मी हाक मारली. "शाब्बास रे!"

"त्यो कुठं हाय हितं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "तू गेलीस त्याच दिवशी त्याला बँकेनं पुण्याला धाडलाय. कसलं तर शिक्षाण हाय म्हणं."

मी वळून बघितलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. नंतर मला कळलं, त्या सगळ्या दिवसांत त्या एकदाच जेवत होत्या. दोन्ही बाटल्या खुंटीला टांगलेल्या, पंप चालू. मिठाची बरणी शेजारीच ठेवलेली.

"मग यांना खायला कुणी घातलं, आई?"

"मी कुणाला काय घातलं न्हाई," त्या ठामपणे म्हणाल्या. "मी गाळलं. जिवाणी केली. पाण्यात सोडली. न्हेमीसारखं."

"कुठल्या पाण्यात?"

"जवळच्या."

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "समुद्र कुठनं आणू मी? आणि आडात सोडायला गेले हुते पहिल्या दिवशी. तेच्यात मीठ टाकावं का काय, असं सुदिक मनात आलं. मग वाकून बघितलं. आरोग्यवाल्यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडल्यात न्हवं का, ते माझी बादली दिसली की लगालगा वर येत्यात गं. वाट बघत असत्यात. इतकी वर्षं मी म्हणतीया जीव वाचवले, जीव वाचवले..."

"मग?"

"मग काय. ते बी जगलेच की कुणीतरी."

हे बोलताना त्या हसत होत्या की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. पदराला हात पुसत त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर गेला, नाक काचेला टेकलं. बराच वेळ आम्ही दोघी बघत राहिलो. मोजलं मात्र त्यांनी नाही.

"अंग धरलंय बघ पोरांनी," त्या समाधानानं म्हणाल्या.

मग चष्मा खाली घेऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश.

"तू बी," म्हणाल्या.